स्पीकरमधली झील

५ मे, सोमवार
आले एकदाची अमरेलीत! वालजीभाईंचा स्टुडिओ म्हणजे मागल्या अंगणातली एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मी म्हटलं, भाई, खाट परवडेना म्हणून भिंतीला टेकून झोपता होय? हसला बिचारा. पन्नाशीचा, टकलू, कानांवर ते हेडफोन चढवले की झापड लावलेला बैल दिसतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला गेलीये. मला पुढली खोली दिली, गार आहे. रात्री मीच बाजरीचे रोटले थापले. मला बा म्हणतो, आईला म्हणतात तसं. म्हणाला, बा, तुम्ही इथंच राहा, बायकोला तिकडंच ठेवतो. मी म्हटलं, हे तिला फोनवर सांगा की!

राजकोटच्या कॉलेजातल्या बाईंना आमचे मरशिये टिपून ठेवायचेत. माणूस गेलं की त्याचं नाव घेऊन, छाती बडवत आम्ही बाया गातो ते. एक गाते, बाकीच्या झील धरतात. आमच्या गावात आता गाणारी मी एकटीच उरले. झील धरणाऱ्या राणीबेन आणि जसुबेन दोघी गेल्या वर. वर गेल्यावरही भांडत असतील.

६ मे, मंगळवार
आज गायले. मरशियाला नाव लागतं, नावाशिवाय तो उभाच राहत नाही. वालजीभाई म्हणाला, तुमच्या यजमानांचं घ्या. मी म्हटलं, त्यांचा एकदा गाऊन झालाय, परत हाक मारली तर उठून चहा मागतील. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं हे मला का ठाऊक नाही? पण मूल ना बाळ, माझ्या मागं गाणार कोण? म्हटलं, माझंच, मोंघीचंच घेते. हौस फेडून घेते.

मरशियात आधी दुखणं येतं, मग अंगणातली तिरडी, मग फाटक, मग नदी. अंगणाचं कडवं पुरं केलं आणि वालजीभाईनं हात वर केला. स्पीकरमधून घरघर येत होती. मांजर पोटात गुरगुरतं ना, तशी. म्हणाला, थांबा. मरशिया मध्येच तोडत नाहीत, पण त्याला काय सांगणार? त्याचं सगळं लक्ष वायरींत.

७ मे, बुधवार
दिवसभर घरघरीमागं. कम्प्युटरचा चार्जर काढला, नुसत्या बॅटरीवर चालवला. घरघर आहेच. मोबाइल बाहेर ठेवले. माइकची वायर बदलली. कम्प्युटरला जाणारी दुसऱ्या भोकात खोचली. सगळे प्लग एका बोर्डावर आणले. ट्यूबलाइट बंद, फ्रीज बंद, पंखा बंद. मी घामानं चिंब. म्हटलं, भाई, आता मलाही बंद करून बघा! म्हणाला, बा, तुम्ही बंद पडलात तर अमरेलीत शांतता होईल.

८ मे, गुरुवार
सापडलं म्हणे. अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, उन्हानं कोरडा पडलाय, म्हणून सगळी घरघर यंत्रात शिरते. त्यात मीठ-पाणी ओतायचं. मडकं आणलं तेवढ्यात त्याचा फोन वाजला, म्हणून मीच ओतलं. जमीन घटाघट प्यायली.

ओतून झाल्यावर आठवलं. आमच्यात अंगणातलं कडवं झालं की गाणारीनं मडकंभर पाणी जमिनीला द्यायचं असतं. मग पुढचं कडवं.

घरघर थांबली खरी.

९ मे, शुक्रवार
वालजीभाई म्हणतो, आता काचेसारखा स्वच्छ आवाज आहे. मला हेडफोन दिले. माझा आवाज अंगणाशी तुटतो. त्यापुढं झील आहे. दोघींची. जसुबेन नेहमीसारखी अर्धी मात्रा पुढं पळते. गातात, मोंघीला उचला, फाटकाशी आणा.

मी तर ते कडवं गायलेच नाही.

वालजीभाईनं पुन्हा ऐकलं. म्हणाला, बा, काही नाहीये, जेवलात का?

१० मे, शनिवार
भाजीला निघाले. फाटकात पाय टाकायला गेले तर मागल्या खोलीतून झील सुरू. छातीत अशी कळ, की खालीच बसले. मागं सरकले, थांबली. पुन्हा पुढं झाले. पुन्हा सुरू.

फाटक ओलांडलं की ते कडवं पुरं होतंय. मग एक नदीच राहिली.

मी फाटकाबाहेर जाणार नाही. आत राहीन.

११ मे, रविवार
वालजीभाईला पुसून टाकायला लावलं. पुसलं. कम्प्युटर बंद केला. स्पीकरची वायर भिंतीतून उपटून त्यानं माझ्या हातात दिली — ही घ्या बा, आता कुठून वाजेल?

वायर हातात होती. वाजत होतं.

एक वाट आहे. दुसऱ्या जित्याचं नाव घालून पहिल्यापासून गायचा. मग माझं सुटतं. वालजीभाई म्हणाला, एवढंच ना, माझं घाला, मी नाही भीत असल्याला. बायकोचा फोन आला होता, नातू झालाय. पेढा भरवला मला.

तोंड उघडलं. नाही गायले. पेढा तसाच जिभेवर.

१२ मे
पाय सुजलेत. उभं राहवत नाही. बरंच आहे, फाटकापर्यंत जाणार कशी? झील आता पुढल्या खोलीत ऐकू — भिंतीतून — जमिनीतून —

वालजीभाई म्हणतो दवाखान्यात जाऊ. नको म्हटलं. ओरडले. त्याला वाटतं म्हातारी सुईला भिते. किती प्रेमानं हसला —

१३ मे
गल्लीत रिक्षा शिरत नाही म्हणून शेजारचे तिघे घेऊन आलाय. खाट आणलीये. मी दाराला धरलं तर बोटं एकेक सोडवली, हळू, दुखू नये म्हणून. वही तेवढी राहू दे म्हटलं —

चौघं. चार कोपऱ्यांना.

अंगणात आलो. राणीबेन, जरा थांब ग — जसुबेन, पुढं पळू नको —

वालजीभाई म्हणतो, बा, तुम्ही नुसत्या पडून राहा, फाटकाशी खाट जरा कलती करावी लागेल, हं, आता उच