पायाखालची राणी

बाबा, तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि या वेळी मिशीतल्या मिशीत हसून तुमची सुटका होणार नाही. गेल्या महिन्यात माझगावच्या एका शेडमध्ये आपली शर्यतीची निळी गाडी उघडली. आपली म्हणते ते सवयीनं. ती आता जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका हौशी गृहस्थांची आहे. त्यांना ती पुन्हा पळती करून वरळीला समुद्राकाठच्या प्रदर्शनात माझ्या हातून चालवायची आहे, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेले ती संशय घेऊनच. माझा अनुभव असा की फुकट मान देणाऱ्याला काहीतरी हवं असतं. मेकॅनिकनं पुढची सीट काढली, रबरी मॅट सोलली आणि खाली बघून हसला. "मॅडम, हे बघा. अ‍ॅक्सिलरेटरखाली कुणीतरी सोंगटी चिकटवलीय. मस्करी केलीय कोणीतरी." मी वाकून पाहिलं. लाल सोंगटी. कॅरमची राणी, बाबा. आपली राणी.

तुम्हाला आठवत असेल, नव्हे, आठवलंच पाहिजे. लालबागच्या चाळीत कॅरम बोर्ड गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की तुम्ही तो खाली उतरवायचात. एका रविवारी डबा उघडला तर राणी नाही. मी सगळी खोली पालथी घातली. तुम्हीसुद्धा माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बॅटरी मारलीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी सरळ शेजारच्या खोलीतल्या मुलावर आळ घेतला, कारण आदल्या दिवशी तो हरला होता. त्याच्याशी बोलणं टाकलं, गणपतीत त्याच्या हातचा प्रसादही घेतला नाही. आणि तुम्ही काय केलंत? तुमच्या गॅरेजमधून तेलरंगाचा डबा आणलात, एक काळी सोंगटी लाल रंगवलीत आणि म्हणालात, "हीच आता राणी. चोराचा हिशोब देव बघतलो." देवाचं नाव घेताना तुमचा चेहरा इतका सरळ होता की आज मला त्या सरळपणाचाच राग येतो.

ते दिवस कोणते होते तेही मी जुळवून पाहिलं. मद्रासच्या ट्रॅकवर माझी पहिली शर्यत झाली होती. झाली म्हणजे काय, सरळ रस्त्यावर मी दोन गाड्या मागे टाकल्या आणि पुढच्या वळणावर थेट टायरांच्या भिंतीत शिरले. खांदा निखळला, दोन बरगड्या गेल्या. हॉस्पिटलमध्ये तुम्ही पायाशी बसला होतात. रागावला नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत. एवढंच बोललात, "राणी घेतलंस. कव्हर खंय?" कॅरममध्ये नुसती राणी खिशात घालून भागत नाही. तिच्यामागोमाग आपली एक सोंगटी घालावी लागते, तेच कव्हर. ते जमलं नाही तर राणी परत बोर्डावर येते. तुमच्या मते सरळ रस्त्यावरचा वेग म्हणजे राणी आणि वळणातून नीट बाहेर पडणं म्हणजे कव्हर. चाळीतला कुठलाही बाप मुलीला शर्यतीबद्दल जे बोलला असता, त्यापेक्षा हे कमी होतं. मला तेव्हा ते थंड वाटलं. पावसाळाभर गाडी तुमच्या गॅरेजमध्ये उघडी पडून होती. पत्रा तुम्ही ठोकलात, इंजिन तुम्ही बांधलंत. राणी हरवली ती त्याच पावसाळ्यात.

त्यानंतरच्या मोसमात गाडी सरळ रस्त्यावर ओढेना. माझ्या मागचे लोक आरामात निघून जायचे, वर हातही दाखवायचे. मी पेट्रोलवर संशय घेतला. कार्बोरेटरवर घेतला. समोरच्या टीमच्या माणसांनी रात्रीतून काही केलं असेल म्हणून मी एकदा गाडीतच झोपले. मग तुमच्यावर घेतला. "बाबा, इंजिन तुम्ही मुद्दाम मारून ठेवलंय का?" असं तोंडावर विचारलं. तुम्ही हातातला पाना पुसत म्हणालात, "इंजिनाक काय झाला नाय. सरळ रस्त्यार बैलगाडी पण पळता गो. वळणार काय करतंस ता सांग." आता कळतंय, तुम्ही खोटं बोलला नव्हतात. इंजिनाला खरंच काही झालं नव्हतं. मी विचारलं इंजिनाबद्दल आणि तुम्ही उत्तरही इंजिनाबद्दलच दिलंत. बॉनेटखालचं सगळं मी हुंगून पाहिलं, फक्त स्वतःच्या पायाखाली, जिथं राणीवर पेडल अडत होतं, तिथं पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मग मी करणार काय? सरळ रस्त्यावर जे जात होतं ते वळणावर परत मिळवायला शिकले. ब्रेक उशिरा, हलका. गाडीचा वेग मोडू द्यायचाच नाही, कारण एकदा मोडला की तो पुन्हा मिळवायला माझ्याकडे पुरेसा अ‍ॅक्सिलरेटरच नव्हता. तिसऱ्या मोसमात मी त्याच निळ्या गाडीतून देशाची चॅम्पियन झाले. वळणावर ब्रेक न लावणारी बाई, असं लोक म्हणायला लागले. तुम्ही ट्रॉफी उलटी करून तिच्या बुडाचा पत्रा तपासलात आणि म्हणालात, "हलकी आसा." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. दुसऱ्यांच्या गाड्यांतून मी आणखी दोनदा जिंकले ते तुम्ही पाहिलं नाहीत. त्यातल्या एका टीममध्ये एक तरुण इंजिनियर होता. तो कॉम्प्युटरवरच्या रेघा दाखवून म्हणायचा, "मॅडम, तुम्ही सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतच नाही." मी त्याला झाडायची, तुझं मशीन तपास म्हणून. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायचा त्याचा डाव असणार, अशी माझी खात्री होती.

तर प्रश्न असा आहे, बाबा. ती राणी तुम्ही भीतीपोटी ठेवलीत की शिकवण्यासाठी? दोन्हीत फार फरक आहे. शिकवण्यासाठी असेल तर मी तुमच्या पायांशी बसेन. भीतीपोटी असेल, तर तुम्ही मला कधी ड्रायव्हर मानलंच नाहीत, आणि माझी ती पहिली ट्रॉफी म्हणजे एका घाबरलेल्या बापाच्या हातून चुकून घडलेली गोष्ट. मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, पण माझ्या स्वतःच्या जिंकण्यावर पहिल्यांदाच घेते आहे, आणि तो सहन होत नाही.

आईला विचारलं. ती आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहते आणि लिफ्टवर विश्वास नाही म्हणून खाली उतरत नाही. माझा संशयी स्वभाव कुठून आला हे उघड आहे. ती ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. मी राणी तिच्यासमोर ठेवली. तिनं पाहिलं आणि पुन्हा बोंबलाकडे वळली.

"माका काय म्हाईत? कॅरम तुमचो, गाडी तुमची."

"आई, तुला माहीत होतं."

"होता तर? बापाशीक इचार वर गेलंस की."

"घाबरले होते का ते?"

तिनं हातातला बोंबील धुऊन ठेवला. मग नळ बंद करून म्हणाली, "एकदा काढतंय म्हणान गेले. कानस घेऊन गेले गॅरेजात. परत इले ते काय बोलले नाय, जेवले नि झोपले. आता माका आणि काय इचारू नको, हात वशाट आसत."

कानस! नुसती काढायला कानस लागत नाही, घासायला लागते. मी राणी घेऊन परत माझगावला गेले. मेकॅनिकनं ती उजेडात धरली. एका बाजूनं ती खरंच पातळ झाली आहे, नव्या सोंगटीच्या निम्मीही नसेल. तुम्ही ती शर्यतीगणिक थोडी थोडी घासत होतात का? मला वेग हप्त्याहप्त्यानं देत होतात, जसजसा माझ्यावर विश्वास बसत गेला तसतसा? तसं असेल तर मला रडू येईल. पण तो मेकॅनिक सावध माणूस. म्हणाला, "मॅडम, कानशीनं घासलीय की तुमच्या पायानं झिजलीय, आता सांगता नाही येणार. इतकी वर्षं दाब पडला की लाकूड तसंच होतं." म्हणजे तुम्ही दिलंत की मी ओरबाडून घेतलं, हेही कळायला मार्ग नाही. तुम्ही पुरावासुद्धा असा ठेवलात की दोन्ही बाजूंनी बोलेल.

काल पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर गाडीची चाचणी झाली. राणी माझ्या पर्समध्ये होती. पेडलखाली आता मोकळा पत्रा होता, हे मी बसायच्या आधी हात घालून स्वतः तपासलं. समोर सरळ, रिकामा रस्ता. गाडीचे मालक कडेला हात बांधून उभे. मी गिअर टाकले, पाय दाबत नेला, इंजिन ओढायला लागलं, तेच इंजिन, तुम्ही बांधलेलं. पट्टीच्या टोकाला गाडी वळवून परत आणली तेव्हा मालक खिडकीशी आले आणि जरा पडेल आवाजात म्हणाले, "अजून थोडी पळायला हवी होती, नाही का?"

हे पत्र टाकायला पत्ता नाही, नाहीतर एवढं तरी लपवलं असतं. पाय तळापर्यंत गेला नाही, बाबा. पत्र्याच्या थोडा वर, जिथं ती असायची तिथं येऊन थांबला. मी मालकांना सांगितलं, अ‍ॅक्सिलरेटरची केबल सैल आहे, मेकॅनिकला नीट बघायला सांगा. केबल नवीन होती.