युरोपीय संघाचा कॅप्टन

बाबा, शाळेत तुला 'तुम्ही' म्हणायचो आणि घरी 'तू'. नागरिकशास्त्राला तूच होतास, त्यामुळे वर्गात माझी जीभ हमखास घसरायची आणि मागचा बाक फिदीफिदी हसायचा. इथे घरातलंच 'तू' घेतो. तू गेलास तेव्हा मी सातवीत होतो. आता दाढी येते, कॉलेज अर्धवट सोडलंय, आणि मेलबर्नला क्लेटन उपनगरातल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहतो. सगळ्या जगात साथ पसरलीये. आई वृद्धाश्रमात नर्स आहे, मी सुपरमार्केटमध्ये माल लावतो, त्यामुळे आमचं बाहेर पडणं चालू आहे. बाकी लोक खिडक्यांतून बघतात.

मला तो रविवार आठवतो. आईची ड्यूटी आहे, तू पोळ्या लाटतोयस, आणि टीव्हीवर बाई सांगतेय की युरोपीय संघाची बैठक झाली. मला संघ म्हणजे एकच ठाऊक, अकरा जणांचा. मी विचारतो, "बाबा, युरोपीय संघाचा कॅप्टन कोण?" दुसरा कुणी असता तर ते सगळ्या सोसायटीत सांगत सुटला असता. तू लाटणं थांबवलंस आणि म्हणालास, "दर सहा महिन्यांनी बदलतो. पाळीपाळीने."

"मग भांडत नाहीत?"

"भांडतात की. पण उद्या आपली पाळी आहे हे ठाऊक असलं, की माणूस जरा बेताने भांडतो."

हे बरंचसं खरं होतं हे मला युनीमध्ये, म्हणजे इथल्या कॉलेजात कळलं, सोडायच्या आधी. आणि ओट्याखालचं ते पोतं. ए विंग आणि बी विंगच्या पोरांनी स्टंपांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हा तू दोन्हीकडच्या बॅटी-स्टंप गोळा करून आमच्या ओट्याखाली एकाच पोत्यात भरलेस. खेळायचं तर दोघांनी मिळून न्यायला यायचं. आई वैतागली, "कांद्या-बटाट्यांनी कुठे जायचं?" तू म्हणालास, युरोपातही असंच झालं, लढाया करून दमले तेव्हा आधी कोळसा आणि पोलाद एकत्र ठेवलं, कारण तोफा त्याच्याच होतात. आई म्हणाली, "त्यांच्या बायकांना विचारलं होतं का?"

आता खरं सांगतो, हे का लिहायला बसलो. एक मुलगी आहे. युनीत भेटली. तिचं गाव असं, की चौकाच्या मधोमध सीमा जाते, अर्धा चौक इटलीत, अर्धा स्लोव्हेनियात. ती आईबरोबर इटलीच्या बाजूला राहते आणि आजी समोरच, पण स्लोव्हेनियात. लहानपणी ती देश ओलांडून दूध आणायला जायची. ही साथ आली तशी ती घरी परतली. मला जाता येईना, या देशाबाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागते. लेक्चर्स लॅपटॉपवर आली, तिकडे तेव्हा मध्यरात्र, त्यामुळे स्क्रीनवर तिच्या नावाचा चौकोनही दिसेना, आणि एका सकाळी मी युनीला ईमेल टाकून मोकळा झालो. आईने त्या दिवशी माझा कामावरचा डबा भरला नाही.

मग साथीमुळे सीमा बंद झाल्या आणि त्यांच्या चौकात कुंपण आलं. तुझ्या संघात, बाबा, जिथे सीमेवर शिपाईसुद्धा उभा नसतो असं तू सांगितलं होतंस. ती आणि आजी जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसतात. आजी म्हणते, हे मी आधी पाहिलंय, निघतं ते.

त्या जाळीजवळूनच तिने फोन केला. म्हणाली, विमानं सुरू झाली की लग्न करू, मग तू इथे राहू शकशील, काम करू शकशील. आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "म्हणजे तुमच्या संघात मी बारावा गडी? तू आत घेतलंस म्हणून आत?" तिला क्रिकेट कळत नाही. तिने विचारलं, तो काय करतो? मी तावातावाने सांगितलं, पाणी नेतो, बॅटिंग मिळत नाही. ती म्हणाली, "आणि तो नसला तर पाणी कोण नेतं?" मी फोन ठेवला. मग तिचा आला नाही, माझा गेला नाही.

आई आज दुपारी कामावरून आली, बूट बाहेर काढले, माझ्याकडे बघितलं. फोनवरचं भांडण तिने ऐकलेलंच होतं. "तुझ्या बापाचं डोकं कधी असं तापलं नाही. कुणावर गेलायस?"

"तुझ्यावर."

"मग भांडून गेले तरी मी कशी दर वेळी परत यायचे, तेही शीक."

तेव्हा ती मॅच आठवली. शिक्षक विरुद्ध माजी विद्यार्थी. तू बारावा. आदल्या दिवशी स्वतः इस्त्री केलेले पांढरे कपडे, आणि दिवसभर बादली आणि पेला घेऊन पळतोयस, दोन्ही संघांना. स्कूटरवर मागून मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तू मान वळवून म्हणालास, "अरे, शून्यावर जाणारासुद्धा पाणीवाल्याकडे बघून हसतो. बाकी कुणाकडे बघतो का?"

मी फोन लावला. ती जाळीपाशीच होती, मागे आजीची खुर्ची. म्हटलं, चालेल, मी बारावा. ती म्हणाली, "आणि कॅप्टन कोण?"

"सहा महिने तू, सहा महिने मी."

तिने ते त्यांच्या भाषेत आजीला सांगितलं. जाळीपलीकडून हसण्याचा आवाज आला. "आजी विचारतेय, पहिले सहा महिने कोण?"

"तू," मी म्हटलं.

हे सगळं फोनच्या नोट्समध्ये लिहिलंय, तिथे सेंडचं बटण नसतं, बरं आहे. एक राहिलं. तिने विचारलं, हे पाळीपाळीचं तुला कुठे सुचलं? मी म्हटलं, असंच. तुझं नाव घेतलं असतं तर 'माझे बाबा म्हणायचे' असं सांगावं लागलं असतं, आणि ते 'म्हणायचे' माझ्या तोंडून अजून निघत नाही.