सैल झाकणं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहिणार. थोडक्यात. बोटं दुखतात म्हणून नव्हे, मला पाल्हाळ आवडत नाही.
संधिवात आता माझ्या ताब्यात आहे. आज टूथपेस्टचं झाकण एका झटक्यात उघडलं. लोणच्याच्या बरणीचंही. डॉक्टर म्हणतात, हा आजार जन्मभराचा. त्यांनी माझी जिद्द पाहिलेली नाही.

६ नोव्हेंबर.
केदारखेड्याला आमच्या बियाणे कंपनीचे मिरचीचे तीन सीड प्लॉट बघायचे होते. एकच पाहिला, तोही रस्त्यावरून. गाडीचा क्लच फार जड झालाय. भोकरदनला मच्छिंद्रच्या गॅरेजवर दाखवली. म्हणाला, क्लचला काहीच न्हाई झालं, नरहरदादा. तालुक्यात चांगला मेकॅनिक राहिला नाही.
उरलेले प्लॉट उद्या.

७ नोव्हेंबर.
उरलेले प्लॉट सोमवारी.

१० नोव्हेंबर, सोमवार.
राधेश्यामसाहेबांनी जालन्याला ऑफिसात बोलावलं. प्रमोशन असेल म्हणून नवा शर्ट घातला.
साहेब म्हणाले, नरहरराव, तुम्ही गाडीवरून उतरत न्हाई अशी शेतकऱ्यांची कंप्लेंट आहे. ऑफिसात बसून करायची एक जागा रिकामी आहे, पण ती दिव्यांगांची. पाच डिसेंबरपर्यंत चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा. न्हाई तर मंग माझ्या हातात काही न्हाई.
मी काही दिव्यांग नाही. पण साहेबांची जागा अडून राहिली आहे. करू मदत.

१८ नोव्हेंबर.
उद्या मेडिकल बोर्ड. वंदना दिवसभर एकच सांगत होती, सकाळी उठल्यावर हात कसे असतात ते बराबर सांगा, लाजू नका. बायकोची जात, काळजी फार.
दाढी केली. शर्टाला इस्त्री. सकाळी एक गोळी जास्तीची घेणार. गबाळं जाऊ नये.

१९ नोव्हेंबर.
नंबर दुपारी दीडला लागला. तोवर बोटं मोकळी होतातच. डॉक्टरांनी विचारलं, बरणीचं झाकण उघडता का? म्हटलं, एका झटक्यात. शर्टाची बटणं? स्वतः लावतो. वंदना दारातून काहीतरी खुणा करत होती. तिला घाई झाली असावी.
छाप चांगली पडली.


२ डिसेंबर.
सर्टिफिकेट आलं. छत्तीस टक्के. चार कमी पडले. शाळेत कधी नापास झालो नाही, आजारात झालो.
एका अर्थी चांगलंच. मी बरा आहे हे सरकारनेच लेखी दिलं.
वंदना मोरीत रडली. नळ सोडला होता, तरी कळतं.

४ डिसेंबर.
साहेबांना फोन केला. मुदत मागणं बरं दिसत नाही, म्हणून हवापाण्याचं बोललो. वंदनाने फोन ओढून घेतला आणि मागितली. साहेब म्हणाले, फेरतपासणीचा अर्ज करा, महिनाभर जागा धरून ठेवतो.

५ डिसेंबर.
अर्जात विचारलंय, रोजची कोणती कामं दुसऱ्याच्या मदतीने होतात? मी लिहिलं, एकही नाही. वंदनाने ते खोडलं आणि स्वतः लिहायला बसली. लिहिता लिहिता वाचून दाखवत होती.
अंघोळीची बादली. भाकरी कुस्करणं. चपलेचा पट्टा. माझ्या सगळ्या शर्टांना आतून टिचबटणं लावली आहेत, वरची बटणं नुसती शिवलेली. मी रोज टिचबटणंच दाबत होतो. मला वाटायचं, हल्ली शर्ट असेच येतात.
आणि झाकणं. रोज रात्री मी झोपल्यावर ती सगळी सैल करून ठेवते. म्हणाली, तीन वर्षं झाले करून राह्यले. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई.
तेरा कामं झाली. मला त्यातली दोन माहीत होती.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
अर्जावर सही केली. रात्री तिला बजावलं, आज एकाही झाकणाला हात लावायचा नाही.

६ डिसेंबर.
सकाळी सातला टूथपेस्ट हातात घेतली.
साडेसातला वंदनाला हाक मारली. तिने झाकण उघडून दिलं. मी म्हटलं, या वेळी बोर्डाकडे सकाळचा नंबर माग.