स्पीकरची पिन भिंतीत जाता कामा नये

दांडी, रविवार

ती. सौ. हिराताईस धाकट्या कमलाकांतचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि सलोनीच्या बाबांचा खोकला, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक, फक्त स्पीकर वारला. (फोन केला असता, पण फोनवर तू आधी हसतेस, मग ऐकतेस.)

सलोनीच्या हळदीला मामा म्हणून मी आईचा आवाज आणणार, हे तुला ठाऊक आहेच. आईने गायलेल्या हळदीच्या गाण्यांची कॅसेट ती गेल्यापासून तांदळाच्या डब्यात जपली आहे. पण मांडवातल्या गलक्यात तिचा आवाज पोचायचा तर अ‍ॅम्प्लिफायर हवा, आणि भाड्याच्या डीजेवाल्याच्या हाती मी आईला देणार नाही. म्हणून घरीच बांधायला घेतला. तीस वर्षं होडीतली वायरिंग केलेला माणूस मी. होडीत दिव्याला, वायरलेसला, सगळ्याला एकाच जातीचा दोन पिनांचा प्लग; बॅटरी बारा व्होल्टची, चुकलं तरी जिवावर बेतत नाही. तोच प्लग मी स्पीकरच्या वायरीलाही लावला. तो तुझ्या वहिनीने केर काढताना भिंतीच्या सॉकेटात खोचला. (तिला मी काही बोललो नाही. स्वभाव.) स्पीकर एकदाच हंबरला आणि धूर सोडून गप्प झाला.

मग माझा मेव्हणा दिपेश सरावलीहून आला. तो कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याने अ‍ॅम्प्लिफायर उघडला आणि एकेक जोड बोटाने ओढून पाहिला. वायरींचे जोड मी जाळ्याच्या गाठीने बांधले होते. (दर्याने ओढले तरी सुटायचे नाहीत.)

"भावजी, गाठ जाल्याला. वायरीला नाय," तो म्हणाला. "आनि ही पिन मांडवात कुनी खोचली असती तं? बाजूला पोरं नाचतात."

खरा घाबरलो तो तेव्हा. आता स्पीकरला भिंतीत शिरूच शकणार नाही असा वेगळा कनेक्टर, भिंतीकडच्या वायरीला तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट, आणि फ्यूज. सगळं त्याने माझ्याकडून तीनदा करवून घेतलं.

सलोनीला आशीर्वाद.

तुझा,
कमलाकांत

ता.क. वहिनीने पत्र वाचलं. प्लग मीच खोचला होता.

ता.क. दुसरा. काल नवा स्पीकर लावून कॅसेट ऐकली. मला रडू आलं. चौथ्या गाण्यात आई मध्येच थांबते नि म्हणते, "हिरा, फुडचा तू बोल." पुढे नुसतीच टेप फिरते. तू तेव्हा लाजून चुलीपाशी पळाली होतीस. ताई, हळदीच्या दिवशी तिथे मी टेप थांबवणार नाही. पुढचं तू म्हण, एवढ्यासाठीच हे पत्र.