जावई पत्र्यावर चढत नसतो

निलंगा,
धोंड्याच्या महिन्याचा तिसरा आठवडा

तीर्थस्वरूप व्यंकटअण्णांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ श्रीमंत याचे दंडवत.

आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करून घेतो, कारण पुढे राग चढला की ती राहून जाईल. डावा कसा आहे? डाव्याचे बघून उजव्यानेही दुखायला सुरुवात केली होती, ते थांबले का? वहिनींनी तेलंगणातून मागवलेल्या लेपाचा काही गुण आला, की नुसताच वास? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. फक्त घराला छत नाही.

फोन का केला नाही, असे तुम्ही म्हणाल. अण्णा, फोनवर मन मोकळे करायला माणूस एकटा असावा लागतो. तुमचे जावई शिवशंकरराव सकाळपासून माझ्यासमोर खुर्चीत बसलेले असतात. आत्ताही बसले आहेत. मी पेन्शनच्या कामाचे काही लिहितो आहे अशी त्यांची समजूत आहे, आणि मधूनमधून ते "मामा, लई दमू नका" असे मला सांगतात. हे पत्र उदगीरमार्गे देगलूरला जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देणार आहे. (चौतीस वर्षे बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, तेवढी एक सोय राहिली.)

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्या घरावरचे पत्रे आबांनी बसवलेले. मागच्या पावसाळ्यात ते असे गळले, की स्वयंपाकघरात एकही पातेले स्वयंपाकाला उरले नाही, सगळी गळतीखाली. तेव्हाच ठरवले की यंदा उन्हाळ्यात नवे पत्रे. त्यात आमच्या थोरल्या ऋतुजाला दिवस गेल्याचे कळले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी टपकणार का, या विचाराने महादेवीने होळीपासूनच माझ्यामागे टुमणे लावले होते. मी दोन ठेकेदार पाहिले. पहिला आला, वर बघून त्याने डॉक्टरासारखा सुस्कारा सोडला, आणि परत आलाच नाही. दुसऱ्याने "हे कुणी बसवलं होतं?" असे विचारले, आणि आमच्या वडिलांनी म्हटल्यावर तो इतका हसला, की मी त्याला चहाही न देता वाटेला लावला. मग तुमचा फोन आला. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "अरे, आपला शिवशंकर पत्र्याची कामं घेतो की. घरचा माणूस आहे, घरच्यासारखं काम करील."

अण्णा, तुमच्या जावयाने तुमचा शब्द अक्षरशः पाळला. माणूस घरी जे करतो तेच तो इथे करतो. जेवतो आणि झोपतो.

तसा पहिला दिवस फार चांगला गेला, हे कबूल केले पाहिजे. शिवशंकरराव, त्यांचा मिस्त्री बजरंग आणि दोन मजूर सकाळीच आले आणि दुपारपर्यंत सगळे गंजके पत्रे, वाळवी लागलेल्या वाशांसकट, खाली. तीन दिवसांचे काम आहे, असे जावयांनी सांगितले. मी इतका खूश झालो, की गल्लीत उगीच दोन चकरा मारून आलो. दुसऱ्या दिवशी धोंड्याचा महिना लागला.

त्या सकाळी जावयांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला मात्र, महादेवी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "जावईबापू, उतरा खाली! धोंड्याच्या महिन्यात जावई पत्र्यावर? लोकं माझ्या तोंडात श्यान घालतील." ते म्हणाले, "मामी, मी ठेकेदार हाय. चढलो न्हाई तर काम कसं व्हईल?" त्यावर ती म्हणाली, "ते मजूर हायती की. तुम्ही बसा हितं." आणि तिने आमच्या घरातली हात असलेली एकुलती एक खुर्ची आणून मांडली. तुमचे जावई बसले. पुढे ताट आले. त्या खुर्चीतून ते आजवर उठले ते फक्त हात धुवायला. आता तुम्ही म्हणाल दोष कुणाचा. मी महादेवीचे नाव घेत नाही, कारण मला याच घरात जेवायचे आहे. पण मी म्हणतो, बस म्हटले म्हणून माणसाने बसावेच का?

या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे वाढायचे, कपडे करायचे, हे मलाही मान्य आहे. पण तो मान मुळात तुमचा. तुम्ही गुडघ्यांचे निमित्त सांगून त्यांना बोलावले नाही, उलट गुडघे शेकायला त्यांच्या बायकोला, आपल्या सुकन्येला, मात्र देगलूरला नेऊन ठेवलेत. घरी चूल थंड, म्हणून शिवशंकरराव औरादहून मोटारसायकलवर सकाळीच इथे हजर. त्यातून सुकन्या कॉलेजची दोन वर्षे आमच्याकडे राहून शिकलेली. तेव्हा तिने गल्लीत ज्या ज्या घरी विरजण मागितले होते, त्या त्या घराची ती लेक, आणि हे जावई. समोरच्या नागुबाईने पहिले आमंत्रण दिले. नागुबाईने दिले म्हणून तिच्या जावेने दिले. जावेने दिले म्हणून, दोघींशी न बोलणाऱ्या कोपऱ्यावरच्या बाईंनी मुद्दाम दिले. आमच्या गल्लीत इतकी घरे आहेत, हे मला या महिन्यात कळले. पुरण, वर तुपाची धार, आणि वरून निलंग्याचे ऊन. असा जेवलेला माणूस दुपारी शिडीकडे नुसता बघतो. बजरंगला मी विचारले, बाबा, निदान तू तरी सुरू कर. तो म्हणाला, "मालक उठले की आमी उठतो." तोही खोटे बोलत नव्हता. त्याच्याही हातात धोंडाच होता.

मापांचे रामायण वेगळेच. पत्रे लातूरहून मागवायचे तर लांबी हवी, आणि लांबीसाठी भिंतीवर चढायला हवे. जावई चढत नसतो, मजूर नागुबाईकडे जेवायला गेलेले. मग कोण चढले? तुमचा हा एकसष्ट वर्षांचा भाऊ. मी भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखी मांडी टाकून टेपचे एक टोक धरलेले, दुसरे टोक कॉलेजच्या सुट्टीत नांदेडहून आलेल्या आमच्या धाकट्या समीक्षाच्या हातात, आणि तुमचे जावई खुर्चीतून, एका हातात भजी धरून, "मामा, अजून थोडं फुडं सरका" असे सांगणारे. मी फुडं सरकलो. पुढे सरकता आले, मागे येता येईना. शेवटी नागुबाईच्या मुलाने मला पोत्यासारखे उतरवले. या सगळ्यात समीक्षाने हसता हसता टेप कुठे धरला होता ते देवाला ठाऊक. पत्रे आले ते हातभर आखूड. भिंतीला टेकतच नव्हते. ते परत गेले, दुसरे आले.

दुसरे बरोबर आले, तर महादेवीच्या मनात भरले. अंगणात आडवे ठेवलेले कोरे पत्रे उन्हात तापतात छान, म्हणून तिने धुऊन पुसून त्यांवर कुरडया घातल्या. मग कुरडया वाळेपर्यंत पत्रे हलवायचे नाहीत. कुरडया वाळल्या तर साबुदाण्याच्या पापड्या. आठवडाभर घराचे छत अंगणात पडून वाळवण सांभाळत होते, आणि आम्ही उघड्या घरात. मधल्या सोमवारी वळवाची सर आली तेव्हा जावई पानावर बसले होते. भरल्या पानावरून जावयाला उठवू नये, म्हणून महादेवीने मला छत्री धरायला उभे केले. मी छत्री धरली. जावई जेवले. धोंड्याला पाणी लागले नाही. माझ्या गादीला लागले.

(आत्ताच शिवशंकररावांनी विचारले, पेन्शनचे काम अडलेय का, चेहरा असा का झालाय. नाही म्हणालो.)

अण्णा, इथपर्यंत मी हसत सहन केले असते. पण काल लातूरहून विहीणबाईंचा फोन आला. आवाज अगदी तुपासारखा. "छत झालं की कळवा, तवर सून आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." आता ऋतुजाला सातवा संपत आला आहे. आठव्यात गरोदर बाईला हलवत नाहीत. (हा अधिक महिना मोजायचा की नाही, यावर दोन्ही विहिणींची अर्धा तास चर्चा झाली, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला कुणीच विचारले नाही.) म्हणजे या चार-सहा दिवसांत आणली तर आणली, नाहीतर माझ्या लेकीचे पहिले बाळंतपण सासरी. आमचे जावई सत्यम, लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतात, तेही फोनवर आले आणि "आई म्हणते ते" एवढेच बोलले. शेवटी ऋतुजाने फोन घेतला. "आप्पा, मला तिथंच यायचंय," म्हणाली, आणि रडायला लागली. मी फोन समीक्षाच्या हातात देऊन बाहेर आलो. बाहेर तरी काय, आत आणि बाहेर यांत आमच्या घरी सध्या फरक नाही. उभा राहिलो आणि रडलो. समोर खुर्चीत तुमचे जावई होते. त्यांनी पाहिले आणि ताट बाजूला सारले, एवढे मात्र लिहिले पाहिजे. पण महादेवीने ते लगेच परत पुढे सरकवले.

उद्या महादेवी आणि समीक्षा पहिल्या गाडीने लातूरला विहीणबाईंची समजूत घालायला निघत आहेत. मी घर राखायला, म्हणजे भिंती राखायला, इथेच. वहिनींना नमस्कार, दोन्ही गुडघ्यांना आशीर्वाद. जावयांविषयी माझ्या मनात काही आहे असे कृपा करून समजू नये. जे आहे ते वर लिहिलेच आहे.

आपला,
छत्री धरून उभा असलेला
श्रीमंत

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. सुकन्येला दोन दिवसांसाठी इकडे पाठवा. सासऱ्याला जावयावर ओरडता येत नाही, सासूला ओरडायचे नसते, गल्लीला तर गंमतच वाटते. नवऱ्याला "उठा!" म्हणायचा अधिकार साऱ्या मराठवाड्यात एका बायकोला आहे. गुडघे वहिनी शेकतील.

ता. क. दुसरा. (पत्र काल गाडीत गेले नाही, कंडक्टरची ड्युटी बदलली. बरेच झाले.) अण्णा, काल एक चमत्कार झाला. महादेवी कुरडया डब्यात भरून लातूरला गेली. शिवशंकरराव नेहमीच्या वेळी आले आणि खुर्चीत बसले. मला चहाखेरीज काही येत नाही, म्हणून मी त्यांच्यापुढे शिळी भाकरी आणि ठेचा ठेवला. त्यांनी चार घासांत ते संपवले, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मामी न्हाईत?" मी म्हणालो, न्हाईत. "नागुबाई?" ती शेतात. मग, अण्णा, तो माणूस अंगातला आम्ही केलेला कोरा शर्ट काढून खुंटीला लावून असा शिडीवर चढला, की मी तोंडात बोट घातले. वरूनच बजरंगला हाका. लोखंडी पाइप वर गेले, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, एकामागून एक पत्रे चढले. मी खालून नजर ठेवून होतो, त्या धाकाचाही परिणाम झाला असणार. संध्याकाळी खाली उतरून घाम पुसत ते मला म्हणाले, "मामा, तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा पोट हलकं हाय." मी आत जाऊन वर पाहिले. नवे छत, आणि मधल्या पाइपाला एक लोखंडी कडी जोडलेली. ही कडी मी सांगितली नव्हती. विचारले, ही कशाला? म्हणाले, "पाळण्याला. ऋतुजाच्या बाळाच्या." अण्णा, वर जे जे लिहिले त्यातले निम्मे खोडून टाकावे असे वाटले. पण पत्र मोठे आहे, खोडत बसलो तर परत लिहावे लागेल. मीच फोटो काढून विहीणबाईंना पाठवला. रविवारी सत्यम ऋतुजाला घेऊन येतात. (आणि आल्यासरशी धोंडे जेवूनच जाणार.)

तेव्हा सुकन्येला पाठवू नका. आली तर महादेवी जोडीने धोंडे घालील. आणि शिवशंकरराव स्वतः पत्र्यावर चढले हे महादेवीच्या कानावर जाऊ देऊ नका. पत्रे मजुरांनी चढवले असे मी तिला फोनवर सांगितले आहे. ती म्हणाली, "बघा, मी बसवून ठेवलं म्हणून जावयाचा मान राहिला आन् कामबी झालं."

ता. क. तिसरा. न्हाणीघराचा पत्रा मात्र राहिला. महादेवी परत आल्याबरोबर जावई पुन्हा खुर्चीत. ऋतुजा आणि बाळ न्हायच्या आत तो व्हायला हवा. तेव्हा तुमच्या ओळखीत पत्र्याचे काम करणारा कुणी परका माणूस असेल तर ताबडतोब कळवा. नात्यातला नको, सोयऱ्यातला नको, गावातल्या कुणाच्याही लेकीचा नवरा नको. लग्नच न झालेला असला तर सोन्याहून पिवळे. हे शेवटचे वाक्य मी लिहिताना मोठ्याने पुटपुटलो, ते महादेवीने ऐकले. ती विचारते आहे की मुलगा शिकलाय किती, शेती कोणत्या शिवारात आहे, आणि समीक्षाचा फोटो याच पाकिटात घालू का.