बंद मशीनची ठकठक

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! कासाब्लांकाहून अकरा तास बस आणि पुढे खाणीच्या जीपमध्ये दोन बकऱ्या मांडीला मांडी लावून. पण हवा झकास आहे, खोलीही स्वच्छ. इथलं हायड्रॉलिक ड्रिल महिनाभर रडतंय म्हणे. आधीचा फिटर पगार न घेताच पळाला. नमुनाच असणार. मी तीन दिवसांत सरळ करतो.

४ ऑक्टोबर
रडणार नाही तर काय! ठोक्यांचा धक्का झेलणाऱ्या डब्यातला नायट्रोजन निम्म्यावर आलेला, त्यामुळे होजपाइप नुसते थडथड उडतायत. सील फाटून तेलात पाणी शिरलेलं, तेल ताकासारखं पांढरं. या महाभागांचा इलाज काय, तर मशीनच्या कपाळाला ऑलिव्ह तेलाचं बोट! मी गॅस भरला, सील आणि तेल बदललं. दुपारी मशीन सुसाट चालू.

पण प्रत्येक भोकानंतर हे मशीन बंद करतात. म्हातारा ड्रिलर दा बास्सू पहारीनं खडकावर तीनदा ठोकतो आणि कान लावून उभा राहतो. वीस भोकं, वीसदा तमाशा. मला हसू आवरेना. तो म्हणाला, "हस बाबा, हस. तुझ्या आधीचाही हसायचा."

६ ऑक्टोबर
आज मशीन बंद असताना आतून उत्तर आलं. सहा ठोके. बास्सूनं भोकातली सळई काढली, तोंडाशी अर्धी भाकर आणि पाण्याची बाटली ठेवली आणि मशीन पंधरा पावलं दूर हलवलं. मी समजावलं की नळीत दाब उरला की पिस्टन आपोआप ठोकतो, पुस्तकातच आहे.

चहाच्या वेळी त्याचा भाचा मोहा बोलला. सव्वीस वर्षांपूर्वी याच बोगद्यात छत कोसळून सहा माणसं आत अडकली. सुटकेचं भोक पाडताना आतून ठोके आले. शहरातून आलेला फिटर म्हणाला, माणसं कसली, मशीनचा बिघाड आहे. दोन दिवस मशीन उघडून बसला. जोडून झालं तेव्हा आत सगळं शांत झालं होतं.

मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे फिटरचं बरोबरच होतं. मला दुसरा पेला कुणी ओतला नाही. अडाण्यांचा रुसवा!

८ ऑक्टोबर
दाब शून्यावर आणला. नळ्या सोडल्या. ठोका देणारा भागच काढून बाहेर उन्हात नेऊन ठेवला.

तरी ठोके आले. पुस्तक दोनदा चाळलं. यावर पान नाही.

आज सहा नव्हते. सात होते. बास्सूनं माझी बाही धरली. म्हणाला, "मअल्लम, उस्ताद, घरी जा. सातवा आमच्यातला नाही."

म्हणे घरी जा!

९ ऑक्टोबर
कुणी ड्रिल चालवायला तयार नाही. भित्रे लेकाचे. मीच मशीन जोडलं, त्याच जुन्या भोकावर नेलं. आता आरपार पाडून दाखवतो, आत नुसता खडक आहे. बास्सू बाहेरून ओरडतोय. ओरडू दे. भोकात सोडलेलं पाणी परत बाहेर येईना झालंय... भोकातून गरम वारा... छतातून माती—

तारीख?
पाय दगडाखाली. मागे सगळं बंद. बास्सूची भाकर हाताला लागली. खाल्ली. बाटलीत चार घोट.

पान्यानं ठोकतोय. मी थांबलो की शेजारी अंधारात सहाजण ठोकतात. एकामागून एक. मग माझी पाळी—

नंतर
ड्रिल! बाहेरून येतंय! जवळ, अगदी जवळ. दा बास्सू, तुझे पाय धरतो.

बंद केलं. तीन ठोके. मी ठोकतोय, जीव खाऊन ठोकतोय—

बाहेर कुणीतरी हसलं. शब्द कळत नाहीत. पण ते हसू शहरातलं. तो काय समजावतोय, मला पाठ आहे. नळीत दाब. पिस्टन. पुस्तक.

आता तो मशीन उघडून बसेल. दोन दिवस. पाणी एक घोट—

अरे गाढवा, मशीन ठीक आहे, मी स्वतः— मी