बाबा पाणी पीत नाहीत

प्रिय किशोरी,

आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बाबा आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अर्धं पत्र तू थरथरत वाचशील. आपल्या शेजारच्या एस्पेरांसाबायचा ॲल्स्टन उद्या म्हापशाला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि थोडी सोलं पाठवते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आपलं घर तुला ठाऊक आहे. ओटीवर शिंकलं तर चुलीपाशी कळतं. त्यातून बाबा दिवसभर खाटेवर पडून. त्यांचे कान तेवढे धड राहिलेत. त्यांच्या उशाशी बसून त्यांचीच गोष्ट कशी सांगू? आणि फोनवर तू तरी ‘जेवलीस काय’ आणि ‘औषध देतेस ना’ याच्या पुढे कुठे जातेस? मीही जात नाही. दोघी सारख्याच. म्हणून मागच्या पडवीत बसून लिहिते आहे, तुझा दादा निलेश बोटीवर गेलाय आणि बाबांचा जरा डोळा लागलाय.

गोष्ट अशी की बाबा पाणी पीत नाहीत. अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू आली होतीस, तेव्हा घोट घोट तरी घेत होते. आता तेही सोडलंय. पेज दिली तर खालचं शीत खातात आणि निवळ ठेवून देतात. शहाळं फोडून पुढे धरलं तर तोंड भिंतीकडे करतात. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगायचं. ओठ फुटलेत, लघवी लाल होते, दुपारचे काहीबाही बडबडतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाणी पोटात गेलं नाही तर माणूस हातचा जाईल, आणि सलाइन लावून किती दिवस ढकलणार? झटक्याने नाही गेले ते, तहानेने जातील असं दिसतंय. नारळीच्या बागेत, घरात गोड्या पाण्याची विहीर असताना.

कारण तुला सांगायला हवं असं नाही. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं लागतं, आणि भांडं लागलं की कोणाचा तरी हात लागतो. निलेशने पहिल्या आठवड्यात प्रयत्न केला. बाबांनी ओठ चावून रक्त काढलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या दिवसापासून निलेश त्या वेळी आपणहून घराबाहेर पडतो. आचऱ्याहून एक बाई ठेवली, चांगली होती बिचारी, तिला उजव्या हाताने ढकललं. डायपर आणले, ते ओढून काढले. आणि मी? एवढा संसार झाला, दोन बाळंतपणं झाली, तरी मी जवळ गेले की चादर घट्ट धरून ठेवतात. मी रागावले, रडले, देवाची शपथ घातली. एस्पेरांसाबाय येऊन ओरडून गेली, ‘परशुराम, पाणी पी रे! मेल्यावर आमी तुका न्हावक घालतलोच मा, तेव्हा खंय लपतलंस?’ तिला हसून दाखवलं त्यांनी अर्ध्या तोंडाने. पाणी मात्र प्यायले नाहीत.

आता जे लिहिणार आहे ते आपल्या घरात आजवर कोणी बोललं नाही. तू आठवीत होतीस. शाळेत पथक काढलं होतं, पहाटे मुलांनी समुद्राकडे जायचं, कोणी डबा घेऊन बसलेलं दिसलं की शिट्टी मारायची, बॅटरी टाकायची आणि तो माणूस उठेपर्यंत टाळ्या वाजवायच्या. तू पथकाची प्रमुख. लाल शिट्टी गळ्यात घालून झोपायचीस. मी खोटं बोलणार नाही, मलाही अभिमान वाटला होता. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही बायका काळोख पडायची वाट बघत दिवस काढायचो, पोटात कळा आल्या तरी गुपचूप बसायचो. पावसात साप, उन्हाळ्यात माणसं. त्यामुळे घरोघरी संडास व्हावेत असं माझ्याइतकं कोणाला वाटत नसेल. वाडीतली पोरं आता जुलाबाने आजारी पडत नाहीत, हे मी अंगणवाडीत कामाला असताना डोळ्यांनी बघितलंय. चांगलंच झालं ते. पण माणसाला उठवायला टाळ्या कशाला लागतात, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा प्रश्न मला माहीत आहे, कधी विचारला नसलास तरी. घरात संडास होता, मग पथकाने पकडलं त्या पहाटे बाबा बाहेर का गेले? तुला वाटलं असणार, जुन्या वळणाचा हट्टी माणूस. सगळ्या गावाला तेच वाटलं. खरं कारण सांगू नको म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी इतकी वर्षं पाळलं.

तो संडास त्यांनी बांधला तो तुझ्यासाठी. तू सातवीत होतीस, मोठी झालीस, त्याच आठवड्यात त्यांनी चिरे आणून टाकले. ‘चेडू आता मोठा झाला, त्याका भायर धाडूचा नाय,’ एवढंच बोलले. खड्ड्याचा नकाशा पंचायतीतून मिळाला, घाटावरच्या मातीला चालेल असा. इथे आपली सगळी पुळण, नुसती वाळू, दोन हात खणलं की पाणी. पहिल्याच पावसात खड्डा वरपर्यंत आला. एकदा उपसला, परत भरला. विहीर शेजारीच. तेव्हा त्यांनी हिशोब केला, चौघांनी वापरला तर महिन्यात बंद पडेल. दोघी बायकांनीच वापरला तर निभेल. निलेश तेव्हा कॉलेजला कणकवलीत खोली घेऊन होता. उरले बाबा. ते उठायचे पहाटे आणि जायचे समुद्रावर, भरतीच्या रेघेखाली, त्यांचे बाप-आजे जायचे तिथे. मी म्हटलं, तिला सांगा तरी. तर म्हणाले, ‘तिका कळला तर ती पण आत जावची नाय.’ तू तशीच होतीस, खोटं का बोलू? आणि गावाला तरी काय सांगणार? आपल्या घरच्या बायकांच्या संडासाची गोष्ट चारचौघांत करणारा माणूस नव्हता तो.

हे तुला टोचायला लिहीत नाही, बाय. चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात शिट्टी कोणी दिली ते मला माहीत आहे. मोठ्या माणसांना जे स्वतः तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, ते त्यांनी पोरांच्या तोंडून वाजवून घेतलं. बॅटरी कोणी टाकली, फोटो कोणी काढला, तेही माहीत आहे. तू शिट्टी मारलीस तेव्हा काळोख होता, समोर कोण बसलंय ते दिसत नव्हतं, हे बाबांनाही माहीत होतं. बॅटरीचा उजेड पडल्यावर तू काय केलंस ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. एवढंच बघितलं की घरी येऊन तू शिट्टी चुलीत टाकलीस आणि त्या जळक्या प्लास्टिकचा वास दिवसभर भातालाही लागला. बाबा आले ते बागेच्या बाजूने, विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ केली आणि माडांना आळी करायला गेले. दुपारी जेवताना एकच विचारलं, ‘चेडू शाळेत गेला काय?’

फोटो गावच्या ग्रुपवर गेला, तिथून मुंबईच्या चाकरमान्यांकडे, आणि हसऱ्या तोंडांची माळ घेऊन परत आला. ग्रामसभेत नाव वाचलं. तेही पचवलं त्यांनी. पण शिमग्याला देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, आठवतं तुला? त्यांच्या वडिलांपासून तो मान आपल्या घरात. ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की सगळं देऊळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, काय आवाज होता! त्या दिवशी तोंड उघडलं आणि मागून कोणीतरी शिट्टी मारली. लोक हसले. वाईट म्हणून नव्हे, शिमगाच होता तो. बाबांनी गाऱ्हाणं पुरं घातलं, एक शब्द चुकला नाही, आणि पुढच्या वर्षापासून गाऱ्हाण्याचा नारळ भावकीतल्या दत्तप्रसादच्या हातात दिला. दत्तप्रसाद वाचून घालतो, त्याचं चालतं. बाबा मागे खांबाजवळ उभे राहतात. राहायचे.

आणि मग गावपळण आली. तू तेव्हा बारावीला, अभ्यासाला एस्पेरांसाबायच्या बहिणीकडे मालवणात होतीस, म्हणून तुला हे ठाऊक नाही. देवाचा कौल झाला आणि सगळं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर गेलं, तीन दिवस माळावर झापांच्या राहुट्या, रात्री भजन, फुगड्या. तू लहानपणी किती नाचायचीस तिथे! तिथे कुठले संडास? सरपंच डबा घेऊन झुडपात, गुरुजी डबा घेऊन झुडपात, पथकाची टोपी घालून फिरलेले सगळे डबा घेऊन झुडपात. एकमेकांना थट्टेने हाका मारत जात होते. मला हसू आवरेना, म्हटलं आता तरी ह्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरेल. तर बाबांनी तीन दिवस काही खाल्लं नाही, पाण्याला तोंड लावलं नाही. उपास आहे म्हणाले. कसला उपास? सगळा गाव उघड्यावर बसला आणि हा एकटा माणूस पोट बांधून राहुटीत पडून राहिला. आता जे चाललंय ते तिथे शिकले ते. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं आता मनात येतं, पण कळून मी तरी काय केलं असतं?

त्यानंतर तू गोव्याला शिकायला गेलीस. चतुर्थीला येतेस, गणपतीच्या पाया पडतेस, बाबांच्या पाया पडतेस आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी असते. तुम्ही दोघं एकमेकांशी वाईट कधीच बोलला नाहीत, तेच तर वाईट. तू पाठवलेला स्वेटर त्यांनी आपल्या दमट हवेतही घातला आणि घामाने निथळत बसले, हे मी तुला सांगितलं नव्हतं. या खेपेला झटक्यानंतर आलीस, दारात उभी राहिलीस, त्यांनी डोळे मिटून घेतले. तू औषधांच्या वेळा मला समजावल्यास, निलेशला खाट कशी लावायची ते दाखवलंस, आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. तुला वाटलं त्यांना तुझं तोंड बघायचं नाही. मलाही तसंच वाटलं होतं. दोघींनी मिळून त्या माणसाचं मन वाचलं आणि दोघींनी चुकीचं वाचलं.

काल दुपारी मी हरले. पाण्याचा तांब्या त्यांच्या उशाशी आपटला आणि म्हटलं, मला विधवा करायचंय तर करा, पण तहानेने नको, लोक मला काय म्हणतील? नंतर माझी मलाच लाज वाटली, ह्या घरात आणखी एकदा लोकांचं नाव घेतलं म्हणून. तशीच खाली बसले आणि विचारलं, माझा हात नको, मुलाचा नको, परक्या बाईचा नको, मग कोणाचा चालेल ते तरी सांगा. जीभ जड झाली आहे, शब्द गोळा करायला वेळ लागतो. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, ‘किशोरीक बोलाव. तिना माका बघल्यान हा. तिच्याफुडे आता कसली लाज?’ बाय, ही माफी आहे की अजून दुखतंय ते, मला सांगता येत नाही, आणि गोड करून मी तुला लिहिणार नाही. तिथे तू दिवसभर परक्यांचं करतेस, त्यातलं थोडं तुझ्या बापाचं करायला ये. जेवढी रजा मिळेल तेवढी घे, नाही मिळाली तर तशीच ये. ॲल्स्टन पत्र देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन परत निघतोय, त्याच्याबरोबरच ये. मी तांब्या भरून ठेवलाय, ते प्यायचे नाहीत, तू आल्याशिवाय.

तुझीच,
आई